टर्बो पेट्रोल, ऑलव्हील ड्राइव्ह छोटी लक्झरी एसयूव्ही: नाशिकमध्ये 11 महिने वापरल्यावरचा अनुभव

मागच्या गुढीपाडव्याला, 30 मार्च 2025 ला गाडी घरी आणली. आता 11 महिने होत आलेत आणि किलोमीटर झालेत 14,600. एवढ्या दिवसांत नातेवाईक, मित्र, सोसायटीतले लोक, सगळ्यांचा एकच प्रश्न, की चारही चाकांना ताकद देणारी गाडी नाशिकमध्ये लागतेच कशाला? मलाही घेताना हाच प्रश्न पडला होता आणि तेव्हा कोणी नीट उत्तर दिलं नाही, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही, नाव आलं की गाडी बाजूला राहते आणि लोगोवरच चर्चा सुरू होते. 2.0 लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ 300 न्यूटन मीटरच्या वर, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक म्हणजे दोन क्लचचा, आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, एवढं कळलं तरी पुरे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण यात भरपूर गैरसमज आहे. ऑलव्हील ड्राइव्ह म्हणजे जीपचा फोर बाय फोर नाही. या साइजच्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि एरवी ताकद बहुतेक पुढच्याच चाकांना जाते, मागे जाणारा शाफ्ट असतो आणि मागच्या डिफरन्शियलजवळ (दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) एक मल्टीप्लेट क्लच, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचा क्लच, असतो, पुढची चाकं घसरतायत किंवा घसरणार असं कॉम्प्युटरला वाटलं की पंप त्या प्लेटा दाबतो आणि मागच्या चाकांनाही ओढ मिळते. जीपसारखा हळू पण जास्त ओढीचा लो रेशो गिअर वगैरे काही नाही. हे सगळं इतक्या पटकन होतं की गाडीत बसून कळत पण नाही, कळतं फक्त तेव्हा, जेव्हा बाजूची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत असते आणि आपण निघून गेलेलो असतो.

असं पहिल्यांदा झालं जुलैमध्ये. त्र्यंबकहून घोटीकडे जाताना पहिण्याला थांबलो होतो, रविवारची गर्दी, रस्त्याला जागाच नाही म्हणून सगळ्यांनी उताराच्या गवतावर गाड्या लावलेल्या, आणि दोन तास धो धो पाऊस. निघायच्या वेळी खाली नुसता चिखल आणि चिरडलेलं गवत. शेजारी एक चांगली मोठी सेडान होती, पाच-सहा पोरं मागून ढकलत होती तरी पुढची चाकं नुसती फिरत होती. मी ॲक्सिलरेटरला अगदी हलका पाय लावला, गाडी एकदा थोडी अडखळली आणि सरळ वर आली. आई मागे बसली होती, तिला गुडघ्यांचा त्रास आहे, त्या पावसात तिला खाली उतरवून गाडी ढकलायची वेळ आली असती तर काय झालं असतं ते माझं मलाच माहीत. त्या दिवशी जास्तीच्या पैशांबद्दल मनात जे काही होतं ते संपलं.

पण दुसरी बाजू पण सांगायलाच हवी. आमचा द्राक्षाचा मळा आहे गिरणाऱ्याकडे, डांबरी रस्ता सोडला की आत पाऊण किलोमीटर काळ्या मातीची वाट. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पाऊस होऊन गेलेला, वरून माती सुकल्यासारखी दिसत होती, म्हटलं जाईल गाडी. अर्ध्यात गेल्यावर चारही टायर चिखलाने असे भरले की नक्षी दिसेना, गुळगुळीत रोलर फिरावेत तशी चारी चाकं एकाच वेळी फिरायला लागली, आणि तिथे कुठला कॉम्प्युटर काय करणार. मी लगेच थांबलो, कारण अशा वेळी रेस करत राहिलं की गाडी अजून खोल बसते आणि क्लच तापतो. शेजारच्या आण्णांनी ट्रॅक्टर आणून मागे ओढली, टो हूक डिकीत असतो तो बंपरमध्ये कुठे बसवायचा हे प्रत्येकाने घरी एकदा बघून ठेवा, नाहीतर चिखलात उभं राहून पुस्तक वाचायला लागतं. आण्णा एवढंच म्हणाले, "अरे, चाकं चार फिरली तरी जमीन धरतो तो टायरच." तेव्हापासून मी हेच सगळ्यांना सांगतोय. सिस्टिम ताकद वाटून देते, पकड टायरची असते, आणि आपल्याकडे या गाड्यांना येतात ते हायवेचे टायर.

यालाच जोडून ब्रेकचा मुद्दा, हा खूप महत्त्वाचा आहे. ऑलव्हील ड्राइव्हमुळे गाडी ओल्या रस्त्यावर सुटते जोरात, वळणातून निघते पण छान, त्यामुळे मनात एक खोटा विश्वास तयार होतो. थांबायला मात्र प्रत्येक गाडीला चारच चाकं आणि चारच ब्रेक असतात, थांबण्यात ऑलव्हीलचा काही फायदा नाही. कसाऱ्याच्या उतारावर धुक्यात आणि सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना मी स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर धरून इंजिनवर गाडी उतरवतो, ब्रेक गरम होत नाहीत आणि मागे बसलेल्यांना मळमळत पण नाही.

आता टायरचा खर्च, कारण हे शोरूममध्ये कोणीच सांगत नाही. साधारण 9,000 किलोमीटरला एका खोदलेल्या रस्त्यावर पाणी भरलेल्या खड्ड्यात डावा मागचा टायर बाजूने कापला गेला. सध्या 2027 च्या कुंभासाठी शहरात जागोजागी कामं चालू आहेत, रात्री सांभाळूनच चालवा. तर साइडवॉल कापली की पंक्चर निघत नाही, टायर बदलावाच लागतो. दुकानवाला म्हणाला, "भाऊ, एकच टाका, कशाला खर्च करता." साध्या गाडीला चालून जाईल, इथे नाही. नवीन टायरचा घेर झिजलेल्या टायरपेक्षा जास्त, म्हणजे तो कमी फेरे मारतो, फरक जास्त असला की सिस्टिमला वाटतं चाक घसरतंय आणि तो क्लच विनाकारण काम करत राहतो, झिजतो. मी गेजने मोजून घेतलं, बाकीच्यांची नक्षी 6 मिलिमीटर होती, नवीनची 8. फरक दोनच मिलिमीटरचा, म्हणून चारही न बदलता, पण डावं-उजवं सारखं राहावं म्हणून शेवटी त्याच ब्रँडचे दोन घेऊन मागच्या ॲक्सलला जोडी लावली, चाळीस हजाराच्या आसपास गेले, आणि निघालेला एक चांगला टायर घरी ठेवलाय. स्टेपनी छोटी, बारीकवाली आहे, 80 च्या वर चालवायची नाही, तिच्यावर मुंबईला जायचं स्वप्न बघू नका.

इंजिनबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरतं, ते हवा दाबून इंजिनात भरतं, म्हणून दोन लिटरचं इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं. दीड हजार आरपीएमलाच पिकअप मिळायला लागतं, कसारा घाटात पाच माणसं आणि सामान असताना कंटेनरला ओव्हरटेक करताना जो विश्वास वाटतो तो आधीच्या साध्या पेट्रोल गाडीत कधीच नव्हता. त्याच्या खाली, म्हणजे द्वारका सर्कलला किंवा मुंबई नाक्याला इंच इंच सरकताना, पहिला एक क्षण काहीच होत नाही आणि मग एकदम गाडी पुढे जाते, ड्युअल क्लचचा हलका झटका पण तिथेच लागतो. दोन महिन्यांत पायाला सवय झाली, घरात दुसऱ्या कोणी चालवली की मात्र लगेच जाणवतं. घाट चढून आल्यावर मी इंजिन लगेच बंद करत नाही, एखादा मिनिट आयडल ठेवतो, टर्बोच्या बेअरिंगला ऑइलने पण थंडावा मिळतो. आणि शेड्युलमध्ये ऑइल बदल 15,000 ला असला तरी मी 7,500 ला स्वतःच्या खर्चाने बदलून घेतलं, आपली धूळ, आपलं ट्रॅफिक आणि मे महिना बघता मला ते पटतं.

एव्हरेज शहरात साडेआठ-नऊ, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या संध्याकाळी आठ पण दाखवते. हायवेला 13 ते 14. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे थोडा फटका सगळ्यांनाच आहे, त्यात वरून शाफ्ट, डिफरन्शियल यांचं वजन ही गाडी कायम वाहत असते, रस्ता कोरडा असला तरी. महिन्याला हजार किलोमीटर शहरातच होत असतील तर हा हिशोब आधी करा.

समृद्धीचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला तेव्हापासून मुंबईची ट्रिप बदलूनच गेली. जवळपास 8 किलोमीटरचा तो बोगदा, क्रूझ लावून गाडी इतकी शांत जाते की आई झोपते. सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाज मात्र येतो, आणि उन्हाळ्यात निघायच्या आधी टायर थंड असताना हवा तपासल्याशिवाय मी या रस्त्याला लागत नाही.

सीट, म्युझिक, काचेचं छत, हे सगळं चांगलंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मागे मधल्या माणसाला मात्र पाय फाकवून बसावं लागतं, कारण मागे जाणाऱ्या शाफ्टसाठी मध्ये उंचवटा आहे, तिघं मोठी माणसं संभाजीनगरपर्यंत नेलीत तर मधला तक्रार करणारच. डिकीत द्राक्षाचे क्रेट सहा आरामात बसतात.

किमतीचं म्हणाल तर मी घेतली तेव्हा अशा एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्के होते, 22 सप्टेंबर 2025 पासून ते 40 झालेत, म्हणजे आता घेणाऱ्यांना चांगलंच स्वस्त पडेल. तरीही वाचवलेले पैसे ॲक्सेसरीजमध्ये घालू नका, टायरचा इन्शुरन्स आणि एक्सटेंडेड वॉरंटी घ्या. जे फक्त शहर आणि मुंबई-पुणे करतात त्यांनी याच साइजची टू व्हील ड्राइव्ह घ्यावी, काही अडणार नाही. पण ज्यांचं पावसाळ्यात इगतपुरी, भावली, मोखाडा-जव्हार, पेठ असं कायम फिरणं असतं, घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांनी ऑलव्हीलच घ्यावी असं मी अगदी मनापासून सांगेन.

पुढच्या महिन्यात 15,000 ची सर्व्हिस आहे. मागच्या वेळी त्या मागच्या क्लचच्या ऑइलबद्दल विचारलं तर ॲडव्हायझर म्हणाला ते इंजिन ऑइलसोबतच होतं. तसं होत नाही, ते ऑइल वेगळं असतं आणि त्याची मुदत पण वेगळी. मॅन्युअलमधलं ते पान फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवलंय, यावेळी जॉबकार्डवर लिहून घेतल्याशिवाय चावी देणार नाही.