यिवूत गाळा घेताय? मालक कोण ते आधी बघा

चीनमधून किरकोळ माल आणणारे यिवूला जातातच, इमिटेशन ज्वेलरी, केसांच्या क्लिपा, खेळणी, सगळं तिथलंच. 1982 साली उघड्यावर भरायला लागलेला बाजार आता 75 हजार गाळ्यांचा झालाय, 2014 पासून तिथून थेट माद्रिदला मालगाडी जाते, मग आसपासच्या जागांना केवढी मागणी असेल विचारूच नका. या घाईवरच तिथे काही जणांचं पोट चालतं.

मी आणि पार्टनर मार्केटजवळ ऑफिस कम गोडाऊन बघत होतो. एजंट गोड बोलणारा, मोडकीतोडकी हिंदी पण यायची. गाळा दाखवला, म्हणे दुसरी पार्टी उद्या टोकन देतीये. भाडं, डिपॉझिट आणि वर ट्रान्सफर फी, म्हणजे आपल्याकडची पागडीच समजा, ती तिकडे सर्रास चालते, त्यात काही वावगं नव्हतं. खरी गोम अशी की पैसे घेणारा मालक नव्हताच, तो स्वतःच भाडेकरू आणि त्याचाही करार संपत आलेला. अ‍ॅग्रीमेंटवर गोल लाल शिक्का होता, तिकडे सहीपेक्षा शिक्क्याला वजन, पण शिक्का भलत्याच कंपनीचा निघाला.

बिंग फुटलं कंपनी रजिस्टर करताना. पत्त्यासाठी जागेच्या मालकीच्या सर्टिफिकेटची कॉपी मागितली, हा बाबा आज देतो उद्या देतो करत राहिला आणि शेवटी वीचॅटवर ब्लॉकच केलं. मग खरी मालकीण आली, तिच्या करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई होती, तिने कुलूप बदललं. बाई सज्जन म्हणून माल तरी सोडला, पैसे गेले ते गेलेच. पोलीस म्हणाले हा कराराचा वाद, कोर्टात जा, आता व्हिसावर आलेला माणूस तिथे वकील लावून किती दिवस बसणार?

तेव्हा ओरिजिनल सर्टिफिकेट बघा, त्यावरचं नाव समोरच्याच्या आयडीशी जुळवा, पोटभाड्याची जागा असेल तर मूळ मालकाची लेखी परवानगी हवीच, नाहीतर तिथल्या कायद्याने तो करार मोडू शकतो. पैसे फक्त करारातल्या नावाच्या खात्यात. आणि भाडं कशाला, विकतच घ्या म्हणणारे पण भेटतील. जमीन सरकारची असते, व्यापारी जागेला वापराचा हक्क जास्तीत जास्त 40 वर्षं, ती पण बिल्डरला जमीन मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही गाळा घेतल्यापासून नाही, हे एजंट आपणहून सांगत नाही.