कौलं की स्लॅब? गोव्यात गाण्याचा स्टुडिओ थाटताना

इंटरफेस कुठला, माइक कुठला, सॉफ्टवेअर रीपर घ्यावं की क्युबेस, यावर फोंड्यात चहाच्या टेबलावर हवी तेवढी चर्चा होते आणि तिचा निकाल शेवटी खिसा लावतो. माइक नाही पटला तर विकून दुसरा घेता येतो. जागेचं तसं नसतं. एकदा आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, दुहेरी दार बसवलं, वायरिंग ओढलं की ते पैसे त्या भिंतीतच राहतात, आणि भिंती दुसऱ्याच्या असतात. म्हणून हा आढावा फक्त जागेचा.

स्वतःच्या बळावर गाणी करणाऱ्याला आपल्याकडे परवडतील अशा जागा दोनच प्रकारच्या: गावातलं चिऱ्याच्या भिंतींचं जुनं कौलारू घर, किंवा फोंडा, म्हापसा, पर्वरी, मडगाव अशा ठिकाणी स्लॅबच्या इमारतीतला फ्लॅट वा गाळा. आसगाव-शिवोलीकडची रंगवून सजवलेली घरं मी धरतच नाही. तिथलं भाडं भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगवर निघत नाही. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी फोंडा तालुक्यातल्या एका गावात नातेवाइकांच्या घरी आणि आता शहरात तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये. डेसिबल मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. कानाला जे जाणवलं तेच सांगतो.

आवाजाच्या बाबतीत कौलारू घराला पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतात. चिऱ्याच्या दीड-दोन फूट जाड भिंतीतून शेजारचं फार काही आत येत नाही. छप्पर उतरतं असल्यामुळे जमीन आणि आढं समांतर नसतात, त्यामुळे टाळी वाजवली तर तो टर्रर्र असा पत्र्यासारखा प्रतिध्वनी येत नाही. खालचे सूर कौलांच्या फटींतून सरळ निघून जातात. शहरात ज्या कामासाठी कोपऱ्याकोपऱ्यात जाडजूड बेस ट्रॅप उभे करावे लागतात, ते काम इथे छप्पर फुकट करतं. शिवाय गायक तिथे मोकळा गातो. हे मोजता येत नाही, पण ज्यानं चार गायक दोन्ही जागी ऐकलेत त्याला ते पटेल. फ्लॅटमध्ये माणूस आवाज आवरून घेतो. वसरीवर बसून पान खाऊन आत आलेला बुवा तसा आवरत नाही.

त्रास दुसरीकडून सुरू होतो. जुनं घर म्हणजे भावकी आली. आपल्या नागरी कायद्यात मुलांचा वारसाहक्क पक्का, त्यामुळे एकेका घराच्या 1-14 च्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नावांची रांग असते: एक मुंबईला, एक लिस्बनला, एक शेजारच्याच खोलीत पण बोलणं बंद. केबलसाठी भिंतीला भोक पाडायचं तरी कुणाला विचारायचं हा प्रश्न. भाडं कमी असतं हे खरं, पण करारावर सही करणाऱ्याला ती करायचा अधिकार आहे का, हे वकिलाला दाखवून घ्या. यापलीकडे मी त्यात शिरत नाही.

वीज हा दुसरा भाग. जुन्या वायरिंगला अर्थिंग असलंच तर नावाला असतं, आणि मग गिटारची पिन लावली की 50 हर्ट्झचा हम सोबतीला येतो. नवीन खड्डा खणून अर्थिंग केलं तरी चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी होते की खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. वीज गेल्यावर स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काम करू नका, त्याची गुणगुण प्रत्येक ट्रॅकवर बसते. प्युअर साइन वेव्हच घ्या. हा खर्च शहरातही आहे, गावात जरा जास्त, एवढाच फरक.

आता स्लॅबची पापं. फ्लॅटमधली बेडरूम 10 बाय 10 आणि उंचीही जेमतेम तेवढीच. स्टुडिओसाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. 10 फुटांच्या अंतरात साधारण 56 हर्ट्झला आवाज घुमतो, मग त्याच्या दुपटीला, आणि लांबी-रुंदी-उंची सारखी असली की तिन्ही दिशांचा घुमारा त्याच जागी येऊन बसतो. डग्ग्यावर एक घिस्सा मारला की खोली आपणहून वाजू लागते. यावर उपाय एकच, बेडरूम सोडून हॉल घ्यायचा. लांबट हॉल, कोपऱ्यांत सहा-आठ इंच जाडीचं रॉकवूल, छतावर माइकच्या डोक्याशी एक पॅनल. असं केल्यावर जागा कामाची होते. सुंदर नाही म्हणणार मी, पण कामाची. गाळा घेणार असाल तर शटरच्या आत स्वतंत्र भिंत बांधा, नाहीतर डग्ग्याबरोबर शटरही ताल धरतं.

आणि शेजारी. आरसीसीचा सांगाडा एकसंध असतो. तिसऱ्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तर ती खांबातून तळमजल्यावर उतरते. पाण्याचा पंप, वाटपाचा मिक्सर, सकाळ-संध्याकाळ पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, मासळीवाल्याचा त्याहून कर्कश. पण या सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. पंप कधी लावतात ते वॉचमनला ठाऊक असतं. वरच्या वहिनींना फोन करून "अर्धा तास मिक्सर थांबवाल का" असं विचारता येतं, आणि चवथीला त्यांच्या घरच्या आरतीचं रेकॉर्डिंग फुकट करून दिलं की त्या स्वतःच विचारतात, आज गाणं आहे का म्हणून.

पागोळ्यांना असा फोन करता येत नाही. माझा निर्णय त्यांनी लावला, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे सांगायला नको. कौलांवर पाऊस कोसळत असताना रेकॉर्डिंग होणार नाही, हेही कुणी सांगायला नको; ते गृहीत धरूनच माणूस घर घेतो. हिशेब असा असतो की पाऊस काही चोवीस तास पडत नाही. सर येते, जाते. मधल्या उघडिपीत गाऊन घेऊ.

घोळ या उघडिपीत असतो. सर थांबल्यावर कौलारू घर थांबत नाही. वळचणीतून पागोळ्या गळत राहतात, अर्धा तास, कधी त्याहून जास्त, आणि त्या तुटत तुटत पडतात. जुन्या घराला मध्ये राजांगण असेल तर त्या बाहेरूनही गळतात आणि आतूनही. एक थेंब तुळशीच्या पेडावर, एक पायरीच्या चिऱ्यावर, एक भिंत भिजू नये म्हणून बांधलेल्या प्लास्टिकवर. पूर्वी तिथे माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे, त्यांच्यावर थेंबाचा आवाज विरून जायचा. प्लास्टिकवर टप् असा कोरा वाजतो.

पंख्याचा किंवा एसीचा आवाज रेकॉर्डिंगमधून काढता येतो, कारण तो सलग आणि एकसारखा असतो. शांततेतला दोन सेकंदांचा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवला की त्याच मापानं ते पुढची सफाई करतं. पागोळीला असं माप नसतं. प्रत्येक थेंब वेगळा, क्षणभराचा, आणि त्याचा टोकदार आरंभ गायकाच्या 'त', 'ट', 'क' सारखाच असतो. थेंब काढायला गेलात की 'विठ्ठला'तला 'ठ' बोथट होतो. एकेक थेंब हातानं पुसता येतो, मी पुसलेतही. पण तीन मिनिटांच्या अभंगासाठी अख्खी रात्र गेल्यावर त्यातली भक्ती संपते. लांब सूर, मागे फक्त तानपुरा, आणि त्यात टप्. ऐकणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. पण एकदा आपल्याला ऐकू आला की दुसरं काही ऐकूच येत नाही.

पन्हळ लावून पाहा, असं सुचवाल. लावली. पत्र्याची पन्हळ स्वतःच वाजते, पीव्हीसीची त्यापेक्षा बरी. पन्हळीच्या तोंडाला काथ्याचा दोर सोडला तर पाणी दोरावरून निमूट उतरतं, हा उपाय खरोखर चालतो. पण चारी बाजूंच्या वळचणीला आणि राजांगणाला पन्हळ म्हणजे बराच खर्च, त्यात झाडांचा पाला अडकतो, आणि पाला अडकला की पाणी काठावरून पुन्हा थेंबथेंब.

मग राहतं छत. इथे मला या तुलनेचा खरा पेच दिसतो. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो आणि मध्ये फटी. पाच इंची स्लॅबचं तीनशे किलो, फट एकही नाही. आवाज अडवायला वजन लागतं, त्याला पर्याय नाही. कौलांखाली जिप्समचे दोन थर टाकायचे तर ते जुन्या वाशांना टांगून चालत नाही. वासे तो भार पेलतील याची खात्री नसते आणि आवाजही त्यांच्यातूनच खाली येतो. म्हणजे जमिनीवरून उभी केलेली स्वतंत्र चौकट, खोलीच्या आत खोली. ती झाली की उतरतं छप्पर गेलं, उंची गेली, खालचे सूर निघून जायच्या फटी बुजल्या. हवा बंद झाली म्हणून एसी आला, ओलीमुळे मागच्या पोकळीत बुरशी, लाकडाला वाळवी. एवढं करून हाती येतो तो फ्लॅटमधल्यासारखाच एक खोका, फक्त गावात, आणि भावकीच्या मालकीचा.

पाऊस चारच महिने असतो, तेवढे बंद ठेवू, हा युक्तिवाद मीही काही काळ स्वतःला ऐकवला. कोकणी पॉप किंवा बारमाही जिंगल्स करणाऱ्याला तो चालेलही. पण आमच्या भागात काम कधी येतं? वास्कोचा सप्ताह श्रावणात. चतुर्थीच्या आरत्या, भजनं, फुगड्या, ज्याला जे बाहेर काढायचं असतं त्याला ते चवथीआधी हवं असतं. म्हणजे जुलै आणि ऑगस्ट. बरोबर पागोळ्यांच्या वेळी गिऱ्हाईक दारात उभं.

घुमटाचं, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्याचं, म्हणाल तर ते इतकं दणदणीत वाजतं की त्यापुढे पागोळी काय, सरसुद्धा ऐकू येत नाही. तिथे अडचण चामड्याची. घोरपडीचं कातडं कायद्यानं बंद झाल्यापासून बकऱ्याचं चढवतात आणि ते ओल्या हवेत ढिलं पडतं. उन्हात तापवायचं तर ऊन नाही. दोन टेकच्या मध्ये शेगडीशी नेऊन तापवायचं, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर पुन्हा खाली. पहिला टेक आणि पाचवा टेक जोडायला गेलं की घुमट दोन वेगळी वाटतात. बंद खोलीत तासभर आधी एसी लावून हवा कोरडी केली, टेकपुरता बंद केला, तर संध्याकाळभर कातडं ताणलेलं राहतं. कंडेन्सर माइकलाही हीच हवा मानवते. ओलीत त्याची कॅप्सूल तडतडू लागते. गावात मी माइक सिलिका जेलच्या डब्यातून काढून दोन तासांत परत डब्यात ठेवायचो. शहरात माइक स्टँडवरच राहतो. तरी रात्री डब्यातच ठेवावा, उगाच विषाची परीक्षा नको.

तर माझा कल कळला असेलच. तरीही कौलारू घर कुणी घ्यावं, हे सांगायला हवं. स्वतःचं घर आहे, भाडं नाही, उताऱ्यावर एकट्याचं नाव, आणि काम बहुतेक जिवंत वाद्यांचं, म्हणजे व्हायोलिन, संवादिनी, गिटार, समूहगान, तेही दिवाळीनंतर. अशा माणसाला मी फ्लॅट घे म्हणणार नाही. लोकांनी दुसरीही वाट काढली आहे, मी स्वतः अजून तेच करतो. कायमचा संसार शहरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत दोन माइक, लॅपटॉप आणि इंटरफेस गाडीत घालून चार दिवस गावच्या घरात. मांडोसारखं कोकणी गाणं असेल तर त्याचे सामूहिक स्वर तिथे घ्यायचे आणि एकट्याचा गळा फ्लॅटमध्ये. रातकिडे तिथेही असतात, पण रात्री दहाच्या आत काम आवरलं तर सहन होतात.

फ्लॅट बघायला निघालात तर मे महिन्यात जाऊ नका. जुलैत, सर पडून गेल्यावर जा. लॅपटॉप आणि एक माइक सोबत ठेवा, खिडक्या बंद करा, हेडफोन लावून गेन वाढवा आणि तासभर बसा. दलाल कंटाळेल, त्याला चहाला पाठवा. वरचा मजला घेऊ नका, गच्चीवर गळती थांबवायला पत्रे घातले असतील तर मुळीच नाही. डोक्यावर निदान दोन स्लॅब हवेत. आणि हॉलच्या भिंतीला लागून गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप आहे का, ते बाहेर जाऊन बघा. भिंत कितीही जाड असो, त्या पाइपात सर थांबल्यावरही बराच वेळ थेंब आपटत असतात. पाइप असेल तर दुसरा फ्लॅट बघा, नाहीतर सोसायटीकडून तो हलवून घेण्याचं आधी लेखी घ्या आणि मगच डिपॉझिट द्या.