गुडघा बदलायचाय: नेहमीची पद्धत की ‘खास तुमच्यासाठी’ बनवलेला साचा?

‘खास तुमच्या गुडघ्यासाठी’ असं ऐकलं की वाटतं, शिंप्याने मापं घेऊन शिवावा तसा सांधाच बनून येणार. बहुतेक वेळा तसं नसतं. सांधा ठरावीक आकारांतलाच असतो. तुमच्या मापाचा असतो तो हाड कापताना लावायचा साचा. (आपण सर्रास ‘वाटी बदलली’ म्हणतो, पण खरी वाटी अनेकदा तशीच ठेवतात.)

नेहमीच्या पद्धतीत सर्जन मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालतात आणि तिच्या आधाराने, साधारण ५ ते ७ अंशांचा कोन धरून, हाड कापतात. साच्यासाठी आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात, खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा संगणकावर मांडतात आणि हाडावर चपखल बसेल असा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापतात. त्यात काही आठवडे जातात. मांडीच्या हाडात सळई घालावी लागत नाही, अवजारांचे ट्रेही कमी लागतात. हाड कापताना सर्जनना मदत करणारा रोबोट हा तिसरा पर्याय. त्यालाही अनेकदा सीटी लागतो, पण ऑपरेशन चालू असताना बेत बदलता येतो. साचा मात्र छापला की छापला.

कागदावर साचा सरस वाटतो. पण साध्या झिजेच्या रुग्णांत साचा आणि नेहमीची पद्धत यांची तुलना झाली, तेव्हा दुखणं किंवा चालणं यांत ठळक फरक काही सातत्याने दिसला नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. पंचवीस वर्षांपूर्वी साचे कुठे होते? ते गुडघे जुन्या सळईच्या जोरावरच बसवलेले.

चित्र पालटतं ते जुन्या अपघाताच्या रुग्णात. समजा, बाइकवरून पडून कधीकाळी मांडीचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं, किंवा आत रॉड किंवा प्लेट अजून आहे. सळई पुढे जाणारच नाही, आणि वाकड्या हाडात गेली तरी कोन फसवेल. जुनं धातू काढायचं तर आणखी एक जखम. इथे साचा किंवा रोबोट खरोखर उपयोगी पडतो, आणि इथे जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही. एक लक्षात ठेवा: गुडघ्याजवळ धातू असेल तर एमआरआयचं चित्र बिघडतं, म्हणून सीटीबद्दल आधीच विचारा.

खर्चाचं म्हणाल तर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल किंमत होती. पण ही मर्यादा सांध्यापुरती. स्कॅन, साचा, रोबोट यांचे पैसे वेगळे लागू शकतात, तेव्हा अंदाजपत्रकात प्रत्येकाची वेगळी ओळ लिहून मागा.

आईचा गुडघा नुसता झिजलेला असेल, पाय थोडाच वाकलेला असेल, तर मी साच्याचे पैसे वाचवेन. तिची साखर आटोक्यात आणेन, हिमोग्लोबिन आणि दात तपासून घेईन, आणि सर्जनना विचारेन, ‘अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता?’ ऑपरेशननंतर रोज गुडघा वाकवायला शिकवणारा फिजिओथेरपिस्टही आधीच ठरवून ठेवेन. वाचलेले पैसे तिथे लागतील.