पट्टीवरची दुसरी रेघ इंजेक्शनची होती

लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारणारच, म्हणून मी जाणंच सोडलं होतं. अशा दिवसांत कुणी हमी दिली की माणूस ती घट्ट धरतो. आम्हीही धरली. माझं वय तेव्हा 31.

आम्ही ऐरोलीत राहतो. ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्यासारखं एक सेंटर होतं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. तिथे डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर मॅडम भेटल्या. "तीन आययूआयचं पॅकेज घ्या. गर्भधारणा नाही झाली तर पूर्ण पैसे परत, लेखी देतो." आययूआय म्हणजे कृत्रिम गर्भाधान. 1 लाख 10 हजार रुपये. सासूबाईंनी त्यांची एफडी मोडली.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, नवऱ्याचं सॅम्पल घेतलं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे आत रंग सोडून एक्स-रेवर बघायची तपासणी, एचएसजी, मात्र कुणी सांगितली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वय कमी आहे, गरज नाही." आययूआयमध्ये धुतलेले शुक्राणू गर्भाशयात सोडतात, पण बीज आणि शुक्राणूची गाठ पडते ती नलिकेत. दोन्ही नलिका बंद असतील तर आययूआय कितीही वेळा करा, पुढे काही होत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

दोन वेळा पाळी आली. तिसऱ्या वेळी आययूआयनंतर सातव्या दिवशी "सपोर्ट" म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि अकराव्या दिवशी सेंटरमध्येच लघवीची तपासणी केली. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. फिकट गुलाबी, पण स्पष्ट दिसणारी. नर्सने पट्टी माझ्या हातात दिली. लोकलमध्ये ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये धरून बसले होते. घरी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्याने रात्री रडत रडत माझ्या आईला फोन केला.

सोळाव्या दिवशी पाळी आली.

सेंटरमध्ये गेलो तर म्हणाले, "राहिलं होतं, टिकलं नाही. होतं असं कधीकधी." पैशांचं विचारल्यावर करारातली ओळ दाखवली: हमी 'तपासणी पॉझिटिव्ह येण्याची' होती, ती पूर्ण झाली. आता आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, पॅकेज घ्या, सवलत देतो.

पुढचे दोन महिने मी त्या बाळाचं दुःख केलं. जिना जास्त चढले का, काय खाल्लं, कुठे चुकलं, हेच डोक्यात. या दोन महिन्यांचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

वाशीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल उघडली आणि आधी त्या सपोर्ट इंजेक्शनचं नाव वाचलं. ते एचसीजी होतं, म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होणारं संप्रेरक, 5000 युनिट. गर्भधारणेची पट्टी लघवीत शोधते तेही एचसीजीच. इंजेक्शनमधलं एचसीजी शरीरातून जायला दहा-बारा दिवस, कधी चौदाही लागतात. इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी तपासलं तर रेघ येणारच, मग आत काही असो वा नसो. "ताई, तुम्हाला दिवस गेले होते असं या कागदांवरून म्हणताच येत नाही," त्या म्हणाल्या.

मग विचारलं, "कधी टीबी झाला होता?" झाला होता. एकोणिसाव्या वर्षी मानेला गाठ आली होती, सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. ठाण्यात हे कुणी विचारलंच नव्हतं. टीबी जननेंद्रियांपर्यंत पोचला तर नलिका बंद होऊ शकतात, आणि आपल्याकडे वंध्यत्वाचं हे नेहमी आढळणारं कारण आहे. पाळी संपल्यावर एचएसजी केली. कळ आली, पण काम दहा मिनिटांत झालं. फिल्मवर गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण दिसत होता आणि दोन्ही बाजूंना रंग तिथेच अडला होता. तीन आययूआय त्या अडलेल्या वाटेवर झाले होते.

आता दुर्बिणीने तपासणी करून आतला तुकडा टीबीसाठी पाठवायचा आहे. टीबी असेल तर आधी त्याचं औषध, मग आयव्हीएफ, कारण त्यात नलिकांची गरज लागत नाही. यात हमी कुणी दिलेली नाही, आणि मला ती नकोही आहे.

पॅकेज घेण्याआधी एचएसजी आणि वीर्यतपासणीचा छापील रिपोर्ट हातात मागा. नुसतं "सॅम्पल ठीक आहे" चालवून घेऊ नका. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यानुसार आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र बघायला मागा. करारात 'गर्भधारणा' म्हणजे काय लिहिलंय ते वाचा. एचसीजी घेतलं असेल तर तपासणी कितव्या दिवशी करायची ते विचारा, आणि दोन दिवसांच्या अंतराने रक्तातलं बीटा एचसीजी करून आकडा वाढतोय का ते बघा.

आमची फाइल सेंटर देत नव्हतं. लेखी अर्ज केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला, तेव्हा चौथ्या दिवशी मिळाली. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. फाइलच्या शेवटच्या पानावर सपोर्ट इंजेक्शनची तारीख त्यांच्याच नर्सच्या अक्षरात आहे, आणि खाली चार दिवसांनंतरची पट्टीची तारीख. तक्रारीला पहिलं तेच पान जोडलं आहे.