बेडकांसाठी भाजक्या मातीचे घर: सावलीला चांगले, थंडीला अपुरे

इंग्लंडमध्ये पानगळ सुरू झाली की बागकामाच्या दुकानांत बेडकांची तयार घरे दिसू लागतात. त्यांपैकी हिरव्या झिलईचे, पुढे कमान आणि खाली उघडा तळ असलेले एक घर मी गेल्या वर्षी 25 पौंडांना घेतले. खोक्यावर ‘हिवाळी निवारा’ असे ठळक छापले होते.

घडणीत खोट काढायला जागा नाही. कडा गुळगुळीत असल्याने बेडकाच्या नाजूक त्वचेला खरचटण्याची भीती नाही, आणि तळ उघडा असल्याने आतली माती ओलसर राहते. कुंड्यांच्या आडोशाला ठेवल्यावर थोड्याच दिवसांत एक भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) मागच्या भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसलेला दिसला. दिवसा दडून बसायला ही जागा उत्तम आहे.

तक्रार आहे ती खोक्यावरच्या त्या दोन शब्दांबद्दल. बेडकाचे शरीर स्वतःची ऊब धरत नाही, आणि येथील सामान्य बेडकाला गोठणे सोसत नाही. म्हणून तो लाकडांच्या राशीखाली, कंपोस्टच्या ढिगात किंवा तळ्याच्या चिखलात त्वचेवाटे श्वास घेत हिवाळा काढतो. जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या खापराचा येथे काय उपयोग? डिसेंबरात गवत हिमाने पांढरे पडले, त्या सकाळी घरातली मातीही बोटाने उकरता येईना इतकी कडक झाली होती. सुदैवाने आत कोणी नव्हते.

खरा निवारा जमिनीखाली करावा लागतो. पाणी न साचणारी जागा पाहून सुमारे 50 सेंटीमीटर खोल खड्डा खणावा, त्यात ओंडके, दगड आणि विटांचे तुकडे मध्ये पोकळ्या राहतील असे सैलसर रचावेत, आत शिरण्यासाठी जमिनीच्या पातळीवर नळ्यांचे एक-दोन तुकडे बसवावेत आणि वर मातीचा उंचवटा करून त्यावर गवत लावावे. रंग किंवा वाळवीचे औषध लावलेले लाकूड मात्र घालू नये. हे सारे थंडीपूर्वी उरकावे, कारण एकदा प्राणी आत शिरले की वसंतापर्यंत ढिगाला हात लावणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय आत ग्रेट क्रेस्टेड न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी असेल, तर त्याला मुद्दाम त्रास देणे हा येथे 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाही ठरतो.

यंदा सप्टेंबरात मी असाच खड्डा केला आणि हे घर कमान बाहेर ठेवून, बाकीचे मातीत गाडून त्याच्या तोंडाशी बसवले. तेथे ते शोभते आणि पावसाचे पाणीही अडवते. पण तेवढ्यासाठी 25 पौंड मोजण्याची गरज नाही. फुटक्या कुंडीचे अर्धे खापरही तेच काम करते. उत्पादकाने खोक्यात खड्ड्याची आकृती असलेला एक कागद घातला असता, तर मी ही वस्तू इतरांनाही सुचवली असती.