कपोत की छिन्नी? जानेवारीत खानदेशातून काय बघावं

दोन्ही दक्षिण आकाशातले तारकासमूह; नवख्यानं आधी कपोतच धरावा. मृगाखाली शशक, त्याच्याखाली कपोत. त्याचा ठळक तारा फाक्त 2.6 प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा ठळक), जळगावच्या अक्षांशावरून 35 अंशांपर्यंत चढतो.

छिन्नी मात्र डोळ्यांची परीक्षा. ठळक तारा 4.4 प्रतीचा, उंची जेमतेम 27 अंश. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास फाक्तपासून उजवीकडे खाली दीड मूठ मोजा, हात लांब करून. तरी सापडत नाही? मग जागा चुकली. यावलकडून बघाल तर दक्षिणेला भुसावळचा उजेड आडवा येतो. शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला ठेवा.

दुर्बीण 10×50 (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगाची) असेल तर पारडं पुन्हा कपोताकडंच: त्यातला एनजीसी 1851 (यादीतला क्रमांक) हा तारकागुच्छ कापसाच्या बोंडासारखा धूसर दिसतो. छिन्नीत असलं काही नाही.