सी अर्चिनच्या फलनाच्या तयार स्लाइड्स: एका स्लाइडसाठी घ्यावा असा संच

बीएस्सीच्या वर्गाला विकासजीवशास्त्र शिकवताना सी अर्चिन टाळता येत नाही, आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत या काटेरी प्राण्याला पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण टोचले की थोड्याच वेळात मादीच्या पाठीवरील पाच छिद्रांतून अंडी झरू लागतात. लातूरला आम्ही ते केवळ तोंडी सांगू शकतो. म्हणून यंदा विभागासाठी फलन ते प्लुटियस डिंभक (सी अर्चिनचे पाण्यात तरंगणारे पिल्लू) अशा दहा तयार स्लाइड्सचा संच २,८०० रुपयांना मागवला. तो वर्षभर वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

संच ऐन मे महिन्यात आला. लाकडी पेटी उत्तम होती, पण नवव्या स्लाइडमधील बाल्सम (कव्हरस्लिप चिकटवणारी राळ) पुरता वाळलेला नसावा, कारण उन्हाने तो मऊ होऊन कव्हरस्लिप तिरकी सरकली होती. एवढे मी चालवून घेतले असते.

पहिल्या स्लाइडबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तिच्यावर ‘अफलित अंडे’ अशी चिठ्ठी आहे. भिंगाखाली प्रत्येक पेशीच्या मध्यभागी मोठे, फिकट केंद्रक आणि त्यात गडद ठिपक्यासारखी केंद्रिका दिसते. सी अर्चिनची अंडपेशी अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रे निम्मी करणारे पेशीविभाजन) पूर्ण करूनच अंडाशयाबाहेर पडते, त्यामुळे फलनास तयार असलेल्या अंड्यात केंद्रक लहान असते आणि ते सहज नजरेत भरत नाही. याचा अर्थ ही अपक्व अंडी आहेत, किंवा पुरवठादाराने, ज्याच्या अंडपेशीत असे मोठे केंद्रक दिसते त्या तारामाशाची स्लाइड या पेटीत घातली आहे. ही विसंगती माझ्या आधी एका विद्यार्थिनीने टिपली, हे नमूद करायला मला आनंद वाटतो. परंतु ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना हाच ज्या संचाचा प्राण, त्यात ‘आधी’च चुकीचे असावे, हा दोष किरकोळ नाही.

दुसऱ्या स्लाइडने सारे पैसे वसूल केले. जेमतेम दशांश मिलिमीटर व्यासाच्या, लालसर रंगवलेल्या प्रत्येक अंडपेशीभोवती थोडे अंतर राखून केसासारखी बारीक वर्तुळाकार रेघ दिसते; ते फलन आवरण. या एका रेघेवर मी दोन तास शिकवले. शुक्राणूचा संयोग झाल्यावर पहिल्या एक ते तीन सेकंदांत पेशीपटलावरील विद्युतविभव सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवरून शून्यापलीकडे, अधिक २० च्या आसपास जाते आणि दुसऱ्या शुक्राणूची वाट अडते. हा अडसर जीवशास्त्रज्ञ लॉरिंडा जाफी यांनी १९७६ साली दाखवला. तो मिनिटभरच टिकत असल्याने तेवढ्या अवधीत पक्की भिंत उभी राहावी लागते. त्यासाठी शुक्राणूच्या प्रवेशस्थानापासून कॅल्शियमची लाट निघून सुमारे अर्ध्या मिनिटात पलीकडच्या टोकाला पोहोचते, आणि पटलाखाली दाटीने बसलेल्या सुमारे १५,००० कणिका, कढईत एका कडेपासून ज्वारीच्या लाह्या फुटत जाव्यात तशा, ओळीने फुटतात. त्यांतील विकरे (एन्झाइम) आवरणाला पटलाशी जखडणारे दुवे कापतात. त्यांतूनच निघालेले शर्करायुक्त पदार्थ भिजवलेल्या सब्जासारखे पाणी ओढून फुगतात, आणि आवरण वर उचलले जाते. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्यातील प्रथिने एकमेकांना जोडली जाऊन ते कठीण होते. जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वार्बुर्ग यांनी १९०८ साली फलनानंतर एकाएकी वाढलेला प्राणवायूचा वापर मोजला होता. त्यातील मोठा वाटा याच पेरॉक्साइडच्या निर्मितीत खर्ची पडतो, हे बऱ्याच वर्षांनी उमगले.

सोबतच्या माहितीपत्रकात यातले जवळजवळ काहीच नाही, आणि आहे त्यातले एक वाक्य घातक आहे. ‘फलनानंतर अंड्याभोवती नवे आवरण तयार होते’ असे त्यात छापले आहे. वस्तुतः ते आवरण आधीपासूनच पटलाला चिकटून असते. फलनानंतर ते सुटते, वर येते आणि कणिकांतील द्रव्यांनी घट्ट होते. माझ्या वर्गातील निम्म्या वह्यांत माहितीपत्रकाचेच वाक्य उतरले होते आणि ते खोडायला एक तासिका गेली. शिवाय स्लाइडसाठी अंडी रसायनाने स्थिर करताना आकसतात, त्यामुळे स्लाइडमध्ये आवरण आणि पेशी यांच्यातील पोकळी जिवंत अंड्याहून मोठी भासू शकते, ही सूचनाही पत्रकात हवी होती.

तिसऱ्या स्लाइडवर शुक्राणूचे आणि अंड्याचे केंद्रक एकत्र येताना दिसतील असा दावा आहे. हे मीलन प्राणिशास्त्रज्ञ ओस्कार हर्टविग यांनी १८७६ साली सी अर्चिनमध्येच वर्णिले, म्हणून मोठ्या अपेक्षेने ती लावली. पण रंग इतका दाट चढला आहे की आतले काहीच उकलत नाही. येथे अख्ख्या अंड्यांऐवजी पातळ छेद द्यायला हवे होते. दोन, चार आणि आठ पेशींच्या स्लाइड्स स्वच्छ आहेत. ब्लास्टुलाच्या (पोकळ चेंडूसारख्या भ्रूणावस्थेच्या) स्लाइडवर काही भ्रूण आवरणाच्या आत आणि काही ते विरघळवून बाहेर पडलेले असे दोन्ही सापडतात. हे नशिबाने झाले असले तरी शिकवायला फार सोयीचे आहे. गॅस्ट्रुला (त्यापुढची भ्रूणावस्था) आणि प्लुटियस ठीक.

ज्या महाविद्यालयाला केवळ एक स्लाइड परवडते, त्याने दुसऱ्या क्रमांकाची सुटी मिळते का ते विचारावे. मला ती सुटी मिळाली नाही. पहिल्या स्लाइडचे छायाचित्र मी पुरवठादाराला जून महिन्यात पाठवले. त्यांनी ‘बदलून देऊ’ असे सौजन्याने कळवले, पण बदली स्लाइड अद्याप आलेली नाही. तोवर तिच्यावरची चिठ्ठी काढून मी पेन्सिलीने ‘अपक्व अंडपेशी’ असे लिहून ठेवले आहे.